काळ्या काचांची गाडी व मागच्या सीटवर मिळून आलेल्या आजी यांबाबत

मी, सोफामास्तर, वय ४७ वर्षे, धंदा सोफे व गाड्यांच्या सीट शिवणे, राहणार बाजारपेठेत, स्वतःच्या दुकानाच्या वर.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. आमची एक पांढरी मोटार आहे. माझ्या सासूबाई, वय ७१ वर्षे, दोन रस्ते पलीकडे एकट्या राहतात. मी आजवर कोणाचे काही पळवलेले नाही, माणूस तर नाहीच नाही. आज माझ्या गाडीत ज्या आजी मिळून आल्या त्यांना मी आणले हे खरे आहे, पळवले हे साफ खोटे आहे. हे सगळ्यात आधी लिहा असे मी म्हणालो, म्हणून आधी लिहिले आहे.

सासूबाई माझ्याशी तीन वर्षे बोललेल्या नाहीत. त्याचा या गुन्ह्याशी काय संबंध असे साहेबांनी विचारले. सगळा संबंध त्याचाच आहे. झाले असे की, आम्हाला एका लग्नाला जायचे होते, सासूबाई अजून जिन्यात होत्या आणि मी खालून हॉर्न वाजवला. एकदाच. त्या खाली आल्या, माझ्याकडे न बघता पत्नीला म्हणाल्या, "मला हॉर्न मारून बोलावतात? मी काय टेम्पोत भरायचं सामान आहे?" आणि तशाच परत वर गेल्या. लग्न बुडाले आणि अबोला सुरू झाला. मीही काही कमी नाही. त्या बोलत नाहीत तर माझे काय अडले आहे, असे मी त्याच दिवशी पत्नीला सुनावले होते. अडले होते, पण ते मी तिला सांगितले नाही.

आमच्या अबोल्याची पद्धत लिहून घेणे जरूर आहे. आम्ही एकमेकांना काही सांगायचे झाल्यास भिंतीला सांगतो. "काही लोकांना उकडत नाही वाटतं," असे सासूबाई कपाटाकडे बघून म्हणाल्या की मी उठून पंखा लावतो. "कोणाला चहा हवा असेल तर कोणी नाही म्हणणार नाही," असे मी खिडकीला म्हणालो की चहा येतो. पत्नी म्हणते, तुम्ही दोघांनी मिळून माझा टपालवाला केलाय. गाडीचेही तसेच. त्या मागे बसतात. मी उतरून दार उघडले तर बसत नाहीत, फुटपाथवर उभ्या राहतात. वळून बघितले तर पदराने तोंड झाकतात. म्हणून मी पुढे बघत बसायचे, मागचे दार लागल्याचा आवाज आला की गाडी काढायची, आणि मुक्कामी पोचल्यावर दार पुन्हा वाजले की निघून जायचे, असे ठरून गेले आहे. आरसाही मी तेव्हापासून वर छताकडे करून ठेवतो. इतकी वर्षे यात कधी चूक झाली नव्हती.

सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. डॉक्टरांनी सांगितले, काही दिवस डोळ्यावर कडक ऊन येऊ देऊ नका. ते ऐकून मी दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवले आणि गाडीच्या काचांना काळी फिल्म लावायला घेऊन गेलो. बोलत नव्हता तर हा उद्योग कशाला केला, असे साहेबांनी विचारले. साहेब, भांडण हॉर्नचे होते, डोळ्यांचे नव्हते.

फिल्मवाला आमच्याच गल्लीतला आहे. तो मूळचा ओळखपत्रे लॅमिनेट करणारा. गाडीची काच म्हणजे मोठे ओळखपत्र, असे त्याचे मत होते. त्याने काचेवर साबणाचे पाणी मारले, फिल्म चिकटवली, रबरी पट्टी फिरवली आणि मधेच चहाला गेला. मी गाडी बघितली तेव्हा माझे डोकेच फिरले. मी जन्मभर रेक्झिन ताणत आलो आहे, माझ्या सीटवर एक सुरकुती दाखवा, मी धंदा सोडतो. आणि इथे काचेवर फुगेच फुगे, कांजिण्या आल्यासारखे. कडा उचललेल्या. रंग काळा म्हणून सांगितलेला, निघाला जांभळा. मागच्या डाव्या काचेत तर फिल्मखाली एक डास अडकलेला होता.

मी म्हणालो, "अरे, आत डास आहे."

तो म्हणाला, "निघून जाईल."

"कुठून?"

त्याने रबरी पट्टी पिशवीत घातली. वर मला बजावले, फुगे आपोआप बसतील, फक्त चार दिवस काच खाली करायची नाही, केली तर माझी जबाबदारी नाही. बाहेरून आतला माणूस दिसत नव्हता. आतून बाहेरचे जग ताप आल्यासारखे दिसत होते. तरीही ऊन येत नव्हते हे मला मान्य करावे लागेल, म्हणून मी तशीच गाडी घेऊन आलो. हे फिल्म लावल्याच्या दुसऱ्या दिवसाचे, म्हणजे आजचे, पुढे सांगतो.

आज सकाळी ऑपरेशन झाले. दुपारी मी डोळ्यांच्या दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली. पत्नी औषधांच्या रांगेत होती. तिने आईला सांगितले, पांढरी गाडी दारात आहे, तू जाऊन बस, मी मागून स्कूटरवर येते. सासूबाई आयाबाईंबरोबर दारापर्यंत आल्या आणि आतल्या बाकावर बसून राहिल्या. गाडी दिसत होती, पण जावयाला जरा ताटकळू दे, असा विचार त्यांनी केला. हे त्यांनीच मघाशी ठाण्यात पत्नीला सांगितले, मी ऐकले.

त्याच वेळी दुसऱ्या एक आजी बाहेर आल्या. त्यांच्या मुलाने त्यांना सांगितले होते की, मी भाड्याची पांढरी गाडी ड्रायव्हरसह दारात बोलावतो, तू मागे बस. माझी गाडी पांढरी होती. काचेतून आत कोण आहे हे देवालाही दिसले नसते. त्या बसल्या, दार लागले, मी गाडी काढली.

थोड्या वेळाने मी नेहमीप्रमाणे समोरच्या काचेला म्हणालो, "काही लोकांच्या डोळ्याला ऊन लागू नये म्हणून काही लोक धंदा बंद ठेवून फिल्म लावून घेतात."

मागून आवाज आला, "कोणाच्या डोळ्याला रे?"

साहेब, तीन वर्षांनी उत्तर आले होते आणि तेही 'रे' लावून. आवाज जरा वेगळा वाटला, पण ऑपरेशनने घसा बसला असेल असे मी समजलो. डोळ्याच्या ऑपरेशनने घसा कसा बसेल, असे साहेब आता म्हणतात. ते मला तेव्हा सुचले नाही.

मी म्हणालो, "सासूबाईंच्या."

"मग खूश झाली असेल."

"कसली खूश. तीन वर्षं बोलत नाहीत. एका हॉर्नवरून."

"अगं बाई. हॉर्नवरून तीन वर्षं? काय बाई आहे का कोण?"

आमच्या पद्धतीत माणूस स्वतःबद्दलही असेच तिऱ्हाइतासारखे बोलतो. मला वाटले, त्या स्वतःलाच बोल लावून घेतायत. मला गहिवरून आले. मग मी जे कोणालाच सांगितले नव्हते ते बोलून गेलो. माझी आई मी शाळेत असताना वारली. लग्नानंतर सासूबाई मला रोज विचारायच्या, जेवलात का. दुकानात फोन करून विचारायच्या. तसे विचारणारे मला आधी कोणी नव्हते. हॉर्ननंतर तो फोन बंद झाला. दुपारी जेवायच्या वेळेला फोन वाजला की मी अजून हातातली सुई टाकून धावतो, आणि असतो कोणीतरी सोफ्याची चौकशी करणारा.

 मग आजी म्हणाल्या, "तिलाही वाटत असेल रे. म्हातारपणी माणूस रुसून वर चढून बसतं, मग खाली कसं उतरायचं ते कळत नाही. कोणी शिडी लावायची वाट बघतं."

मी म्हणालो, "शिडी लावायला मी तयार आहे."

यानंतर मी रडत गाडी चालवत होतो हे खरे आहे. खिशात फोन सारखा थरथरत होता. गाडी चालवताना मी फोन घेत नाही. तो पत्नीचा होता, बाकावरची आई बघून ती घाबरली होती, हे मला नंतर कळले. आजींचा मुलगा तोवर दवाखान्याच्या वॉचमनकडून ऐकून पोलिसांना सांगून बसला होता की काळ्या काचांच्या पांढऱ्या गाडीतून कोणीतरी आईला पळवले.

मोठ्या चौकात वाहतूक हवालदार बाईंनी गाडी अडवली. त्यांनी काचेवर टकटक करून काच खाली करायला सांगितले. मी आतूनच ओरडलो, "नाही करता येणार. चार दिवस झाले नाहीत." त्यांनी पुन्हा सांगितले. मी म्हणालो, "खाली केली तर त्याची जबाबदारी नाही." कोणाची, असे त्यांनी विचारले. "फिल्मवाल्याची," असे मी सांगितले. मी संशयास्पद उत्तरे दिली असे अहवालात लिहिले आहे ते एवढ्यावरूनच. मी खरे तेच सांगत होतो. तोवर दुसरे दोन हवालदार धावत आले आणि एकाने विचारले, "मागे कोण आहे?"

मी म्हणालो, "सासूबाई."

मागून आजी म्हणाल्या, "छे. मी कशाला याची सासू?"

हवालदारांनी मागची काच खाली करायला लावली. मी बटण दाबले. काच गेली खाली, फिल्म राहिली वर, आणि मग गोधडीसारखी घडी होऊन आजींच्या मांडीवर पडली. तीन वर्षांत मी पहिल्यांदा मागे वळून बघितले. डोळ्यावर ऑपरेशननंतर दवाखान्यात देतात तो काळा चष्मा, खाली पट्टी, अंगावर शाल. पण त्या माझ्या सासूबाई नव्हत्या. मला भीती वाटायच्या आधी लाज वाटली, आणि लाजेच्याही आधी वाईट वाटले, की बोलले ते कोणी दुसरेच होते.

ठाण्यात आणल्यावर आजींचा मुलगा आला व माझी कॉलर धरली. आजींनी त्याला हात मागे घ्यायला लावला आणि सांगितले, मला याने सुखरूप आणले, माझी काही तक्रार नाही, तुझी गाडी वेळेवर आली असती तर मी यात बसलेच नसते. मुलाने माझी कॉलर सरळ करून दिली. पत्नी सासूबाईंना घेऊन आली. दोघी आजी सारखेच चष्मे लावून एकाच बाकावर बसल्या. दुसऱ्या आजींनी विचारले, "हा तुमचाच का जावई?" आणि मी गाडीत बोललो ते सगळे, फोनपर्यंतचे, त्यांना सांगून टाकले. सासूबाई पूर्ण वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. पट्टी लावलेल्या डोळ्यातून पाणी येऊ देऊ नकोस असे पत्नी त्यांना दोनदा म्हणाली.

काळ्या काचा नियमात बसत नाहीत, राहिलेली फिल्म आजच काढावी, अशी समज मला देण्यात आली. मला ती मान्य आहे. निम्मी आपोआपच निघाली आहे. फिल्मवाल्याविरुद्ध माझी तक्रार आहे, ती मी वेगळी देईन.

माझा हा जबाब हवालदारसाहेबांनी लिहून घेतला आणि बाकावरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. वाचन संपल्यावर सासूबाई उठल्या, काठी टेकत टेबलापाशी आल्या व माझ्याकडे बघून मला म्हणाल्या, "सही करा आणि गाडी काढा. मी पुढं बसणार आहे. आणि जेवला नसाल अजून."

हे वाक्य जबाबात घेण्याची जरुरी नाही असे साहेब म्हणाले. मी हट्ट धरल्यावरून ते घेतले आहे. ते मी पुन्हा एकदा वाचायला लावले, आणि ऐकले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. बाकीचा मजकूरही बरोबर आहे.