तीन सेकंदांचे वाटे

मी शहापुरात जमीनमोजणीवाल्या साहेबांकडे आहे ना, तिथली गंमत सांगतो. ड्रोनने टिपलेल्या लाखो बिंदूंवरून शेताचे सारखे वाटे पाडायला माझा पायथनमधला प्रोग्राम चाळीस मिनिटं घ्यायचा. मी त्यातली आकडेमोड सी या जास्त वेगवान संगणकी भाषेत लिहिली, कंपाइल करून पायथनला जोडली. तीन सेकंदांत काम!

पहिलेच आले मुरबाडचे दोन भाऊ. वाटे लगेच पडलेले बघून थोरला धाकट्यावर उखडला, "एवढ्यात कुठं मोजून होतंय? तू आधीच ठरवून आलायस!"

"मी नाय रे दादा!" धाकटा जायलाच निघाला.

साहेब माझ्या कानात म्हणाले, "जुना प्रोग्राम लाव आणि चहा सांग."

मी मान खाली घालून लावला. चहा झाला, आईच्या आठवणी निघाल्या. पस्तिसाव्या मिनिटाला धाकटा म्हणाला, "दादा, विहिरीकडचा वाटा तूच घे."