थुंकायची सोय नसलेलं अंतराळ

...आन् ती पेस्ट गिळायची, गड्यांनो. गिळायची! दात घासून झालं की तोंडातला समदा फेस घटाघटा गिळायचा आन् वर पब्लिककडं बघून हसायचं. का? तर आमच्या नानासो गुरुजींनी कुठल्याशा पेपरात वाचलंय, अंतराळात थुंकायची सोय न्हाई. आता तुमी म्हणाल, लाला, तू तर सुट्टीवर उंब्रजला गेलतास. व्हय, उंब्रजलाच गेलतो. उंब्रजातच हुतं ते अंतराळ. आमच्या आळीच्या गणपतीच्या मंडपात, जमिनीपास्नं दीड पुरुष वर.

हसा, हसा. बराकीत बसून हसायला तुमचं काय जातंय? मला सांगा, मी सुट्टी कशासाठी काढली हुती? मे म्हैन्यात लगीन झालं, अंगाची हळद निघायच्या आत तार आली, हजर व्हा. रेश्माचा, म्हंजे माझ्या बायकोचा, आटपाडीकडची हाय ती, तिचा चेहरासुदीक मी नीट बघितला नव्हता. आन् आमच्या घरात नवी सून सासू-सासऱ्यांच्या देखत नवऱ्यासंगं बोलत न्हाई. तुमच्याबी गावात हेच की! मला भाकरी पायजे का, हे ती आईला इचारणार, आई मला इचारणार, मी आईला सांगणार. मधी रेश्मा, हातात भाकरी घेऊन, तीन फुटांवर. असलं बोलणं आमचं. म्हणून जाताना दाराआड गाठून तिला एवढंच म्हणलो हुतो, गणपतीत येतो, सातारला जाऊ, तिथनं कासला, पठारावर फुलं येत्यात ती बघू. दोघंच. ती नुसती "दोघंच?" म्हणली हुती. तेवढ्यावर मी तीन म्हैनं बर्फात काढलं, तुमास्नी ठावं हाय.

आन् एसटीतनं उतरतोय न उतरतोय तवर भाऊसोनं ट्रंक हातातनं काढून घेतली. भाऊसो म्हंजे आमच्या मंडळाचा अध्यक्ष. गळ्यात शिट्टी, खांद्यावर टावेल, कायम घाई. "आला रं आला, आपला अंतराळवीर आला!" म्हणलं, भाऊसो, चक्कर आली का काय? तर म्हणतोय कसा, "लाला, खालच्या आळीनं गेल्या साली हलता शेषनाग करून पयला नंबर मारला. औंदा आपण जित्ता देखावा करायचा. अंतराळ स्थानकातला एक दिवस! माणूस अधांतरी ऱ्हातोय, खातोय, काम करतोय. आन् लोंबकळायला तुझ्यासारखा गडी न्हाई. मिलिटरीची सवय हाय तुला." आता मला सांगा, मिलिटरीत आपुण कवा लोंबकळतो? मी म्हणलं, भाऊसो, मला काम हाय. त्यो म्हणतो, "आबांना इचारलंय की. हो म्हणलं ते." संपलं. आबांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, हो म्हणल्यावर आमच्या घरात हवासुदीक दिशा बदलत न्हाई.

त्यो सूट बघायला पायजे हुता तुमी. खताच्या पोत्यांचा. युरियाची पोती उलटी करून शिवली, वरनं रुपेरी रंग मारला. आत अंगाला काय लागतंय? युरिया! घाम आला की समदं चरचरतंय, आन् वास असा की माझा मलाच परका वाटायला लागलो. हातात वेल्डिंगवाल्याचं हातमोजं, म्हंजे खाजवायची वाट बंद. आन् डोक्यावर काचेसारखी दिसणारी प्लास्टिकची बरणी. कुठली? बेकरीतली, नानकटाईची. धुतली हुती म्हणं. काय धुतली? तळाला तुपाचा राप तसाच, आन् तूप म्हणल्यावर मुंग्या आल्याच. लाल. बरणी मानंला चिकटपट्टीनं बंद केल्याली, मुंगी आत, मी आत, आन् दोघास्नीबी भाईर जायाला वाट न्हाई. ती नाकावरनं चालली तर फुंकर मारायची, ती वर गेली की कपाळ हलवायचं, आन् खालनं पोरं टाळ्या वाजवत्यात, "बघा, बघा, अंतराळवीर हालतोय!"

वर टांगायला गॅरेजमधली इंजिन उचलायची साखळीची कप्पी. तिचं ग्रीस टिपका टिपका करत पाठीवर. असं मला वर घेतलं की गुरुजींची टेप चालू. गुरुजींचा आवाज तुमी ऐकला न्हाई. नाकातनं, सावकाश, एकेक अक्षर धुवून वाळत घातल्यागत. "प्रेक्षकहो... आता आपले अंतराळवीर... प्रातर्विधी उरकून... दंतमार्जन करीत आहेत." की मी बरणीला म्होरनं केलेल्या भोकाचं बूच काढून ब्रश आत घालायचा. "अंतराळात थुंकण्याची सोय नसल्यामुळे... ते फेस गिळून टाकतात." की मी गिळायचं. मी गुरुजींना म्हणलं, गुरुजी, नुसतं गिळल्यागत करतो की. तर ते म्हणलं, "लालासाहेब, विज्ञानात खोटेपणा चालत नाही." आन् हे कोण म्हणतंय? युरियाच्या पोत्याला अंतराळाचा पोशाख म्हणणारा माणूस!

मग न्याहारी. अंतराळात म्हणं ट्यूबमधनं खात्यात. तवा मंडळाच्या पोरांनी पेस्टच्याच रिकाम्या ट्यूबा खालनं कापून त्यात पिठलं भरलं. गार पिठलं, पेस्टच्या वासाचं. खाल्लंय कवा? खाऊ नका. मळमळतंय, उमासा येतोय, पर करायचं काय... अंतराळात थुंकायची सोय न्हाई. मग व्यायाम, म्हंजे अधांतरी सायकल मारायची. मग काम, म्हंजे केबलवाल्याची फुटकी छत्री पान्यानं आवळायची. आवळून झाली की गुरुजी म्हणणार, "अशा प्रकारे अंतराळवीराचा दिवस संपतो." संपतोय कुठला! टेप उलटी फिरवली की परत प्रातर्विधी. एका संध्याकाळी माझं आठ-आठ दिवस उगवायचं, आन् दर दिवसाला एक तोंड पेस्ट.

त्यात आरती. आमच्या आळीची राहीबाई, तोंडानं लय फटकळ, पयल्याच दिवशी वर बघून वरडली, "आरं, देवाच्या डोक्याकडं पाय करून लोंबतंय ते मुडदं कुणाचं?" म्हणलं, मावशी, मी लाला. "लाला असू दे न्हाईतर कोण, पाय फिरव!" पर पाय फिरवायचा कसा? टेकायला भुई कुठं हाय? मग पोरांनी कळकाच्या काठीनं मला ढोसून फिरवला. फिरवला त्यो थांबंचना. समदी आरती मी टाळ्या वाजवत गरागरा फिरतोय. देव दिसतोय, राहीबाई दिसती, देव दिसतोय, राहीबाई दिसती. आन् धूप-कापराचा समदा धूर कुठं जातोय? वर. वर कोण हाय? मी. पोटात पेस्ट, पिठलं, नाकात धूर, आन् थुंकायची... जाऊ द्या.

पर ह्ये समदं मी सोसलं असतं. कारण भाऊसोनं कबूल केलं हुतं, ऐतवारी सकाळी तुला मोकळा सोडतो, संध्याकाळी परीक्षक यायच्या आत फिरून ये. म्हणलं, झालं. ऐतवारी कास. दोघंच. रेश्माला सांगायचं तेवढं ऱ्हायलं हुतं. पर सांगू कवा? मी घरी पोचायचो तवर घर झोपल्यालं, आन् ती आईजवळ.

शनवारी ती आली मंडपात. आईसंगं, बायकांच्या रांगेत. वर माझ्या देखाव्यात एक जागा हुती. गुरुजींचा आवाज, "आता आपले अंतराळवीर... पृथ्वीवरील आपल्या कुटुंबीयांशी संपर्क साधत आहेत." तवा मी एक हात कानाला लावायचा, मुंडी हलवायची, हसायचं, आन् टाटा करायचा. नेमकी त्याच येळंला आई देवापुढं डोळं मिटून उभी, आन् रेश्मानं वर बघितलं. गर्दी, भोंगा, आईचं डोळं बंद. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा तिला माझ्यासंगं बोलायला जागा गावली. ती बोलली! चांगली दोन वाक्यं बोलली. आन् मला ऐकू काय येतंय? माझाच श्वास. बरणीत, फूस फूस. मला वाटलं, इचारत असंल, जेवलासा का, दमलासा का. मी मुंडी हलवली. ती आनखी काय तरी बोलली. मी परत मुंडी हलवली. हसलो. टाटा केला. पब्लिकनं टाळ्या मारल्या. तिनं पदर तोंडाला लावला आन् लाजून गेली. खरं सांगतो गड्यांनो, त्या घटकंला पेस्टसुदीक गोड लागली.

ऐतवारी पाटेचं उठून आंघोळ केली, युरिया जाईपातुर अंग घासलं, इस्त्रीचा शर्ट घातला. बघतोय तर घरात कोण न्हाई. आबा ओसरीवर चा पीत बसल्यालं. म्हणलं, आबा, आई कुठाय? "कासला गेल्यात बायका. तुझी आई, राहीबाई, भाऊसोची मंडळी. जीप केलीया. सूनबाईबी गेली." मी उभ्याचा बसलो. "ती तुला इचारूनच गेली की," आबा म्हणलं. "समद्या गावानं बघितलं."

सांजच्याला आई शेजारी गेल्याली तेवढ्यात चुलीपाशी गाठली तिला. म्हणलं, रेश्मा, आपुण दोघंच जायचं ठरलं हुतं की. तर ती डोळं मोठं करून म्हणती, "आवं, मी इचारलं की तुमास्नी! म्हणलं, आत्याबाई कासला निघाल्यात, मी जाऊ का? तुमी मान हलवलीसा. मग म्हणलं, का तुमच्यासाठी थांबू? तुमी तवाबी मान हलवलीसा." म्हणलं, दोन्हीला हलवली तर तू जायाचं कसं ठरवलंस? "तुमी टाटा केलासा न्हवं?"

तेबी खरंच. टाटा मी केला हुता. मग म्हणलं, फुलं कशी हुती? ती राख सारत म्हणली, "लय हुती. समद्या डोंगरावर. पर माझं चित्त न्हवतं... राहीबाई सारखी म्हणत हुत्या, जोडीनं यायचं असतंय हितं." तवर भाऊसोची शिट्टी वाजली, परीक्षक आलं, मला परत टांगला.

नंबर आला, व्हय, पयला. ढाल मंडळाला, हार गुरुजींना. आन् मला शाल-नारळाबरोबर बक्षीस काय दिलं, सांगा बघू? पेस्टचं खोकं. भाऊसो म्हणतो, "तुला आवडती." आन् वर म्हणतो, पुढल्या सालीबी ह्योच देखावा, सूट जपून ठेवलाय.

सुट्टी संपली. स्टँडवर समदी आलती. आई, आबा, राहीबाई, आन् त्यांच्या मागं रेश्मा. मी खिडकीशी बसलो. एसटीची काच तुमास्नी ठावं हाय, एकदा अडकली की डेपोत गेल्याबिगर हलत न्हाई. गाडीनं हिसका दिला, आन् तेवढ्यात रेश्मा आईला, आबांना, समद्यांना मागं सारून म्होरं आली. समद्यांच्या देखत, बघा. काचेला हात लावला आन् काय तरी इचारलं. डोळ्यांत पाणी हुतं तिच्या. आन् मला ऐकू काय येतंय? इंजिन. मी काच वढतोय, काच हलंना. तिनं परत इचारलं. गाडी निघाली. आन् मी काय केलं ठावं हाय? हात आपोआप कानाला गेला, मुंडी हलली. दोनदा. हसलो. आन् टाटा केला!

कशाला व्हय म्हणलोय, अजून पत्ता न्हाई. ह्या बाकड्यावर तवापास्नं त्येच घोकतोय. घशाशी लय आलं हुतं त्या गाडीत, पर गिळलं. करता काय? काच बंद. तिथंबी थुंकायची सोय न्हाई.