मामांनी मुलगी दिली, सेटिंग नाही

...अहो, सांगायला काय जातं? नाही, तुम्हीच सांगा. सख्खा सासरा आहे माझा. एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर आम्ही दोघं पुठ्ठ्याची खोकी कापायचो, आणि ते मशीन उठसूट अडतं. अडलं की मामा म्हणणार, "जावईबापू, जरा बाहेर थांबा." की दार बंद. आत धाडधाड आवाज, आणि थोड्या वेळात मशीन सुरू. काय केलंत मामा? "सेटिंग." कसली सेटिंग? "असते एक." तुम्हाला सांगतो, या माणसाने पोटची मुलगी दिली मला, पण सेटिंग काही दिली नाही.

बरं, मामा शुक्रवारी रिटायर होणार होते. साहेब मला म्हणाले, "सोमवारी मशीन चालवून दाखवलंत तर नोकरी तुमची, नाहीतर नवा माणूस." आणि मामांना काय म्हणाले? "जावयाला जरा शिकवून ठेवा." मामांनी मान अशी डोलावली, की वाटावं आता सगळं ओतणार. शुक्रवारी मशीन अडलं, आणि पुन्हा तेच... "जावईबापू, जरा बाहेर थांबा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मामा, पाया पडतो तुमच्या. पडलो पण खरंच, आणि उठता उठता त्यांचा गळा धरला. त्यांनी पाना उचलून माझ्या गुडघ्यावर हाणला. मी त्यांना पुठ्ठ्यांच्या ढिगावर आपटलं. ते मला चावले हो, या इथे दंडाला, कवळीने! माझं कपाळ मशीनवर आदळलं, रक्त डोळ्यात आलं, तरी गळा सोडला नाही. म्हटलं, "मामा, सांगायला काय जातं?"

"अरे, मला तरी कुठे माहीत आहे," म्हणत मामा रडायलाच लागले. "दिसेल तिथे हाणतो, सुरू होईपर्यंत. हे साहेबांना कळलं असतं तर पहिल्याच दिवशी घरी बसवलं असतं मला."

मग काय करणार? दार लावलं आणि दोघांनी मिळून मशीनला तुडवलं. मामा पान्याने, मी लाथांनी. सुरू झालं. कुठल्या लाथेने, देवाला ठाऊक.

आता मशीन माझ्याकडे, आणि हाताखाली मेव्हणा, मामांचाच मुलगा. काल मशीन अडलं, मी म्हटलं जरा बाहेर थांब, तर त्याने माझी मानगूटच धरली. दातओठ खात विचारतो, "भावोजी, सांगायला काय जातं?" खरं अगदी ओठांवर आलं होतं हो. पण म्हटलं, "असते एक सेटिंग."

दोन दात गेले. नोकरी शाबूत आहे.