दाजींना कुणीतरी ‘वा!’ म्हणा

...चहा गार झाला, पोहे गार झाले, पाहुणे गार व्हायच्या बेतात, आणि मुलीचा बाप कुठे? तर सायबर कॅफेत! आमचे दाजी हो, खंडेराव! माणूस वाईट नाही, तुम्हाला सांगतो. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. नाशिक रोडला प्रेसमध्ये इमानानं नोकरी केली, रिटायर झाले, आणि कुणीतरी ऑर्कुटवर खातं काढून दिलं... संपलं! गॉगल लावून फोटो टाकला, त्यावर कुणा ‘कांदासम्राटा’नं लिहिलं, “वा! काय रुबाब!” झालं! भाजीला निघाले की कॅफेत, दळणाला निघाले की कॅफेत. कुणी काही लिहिलं नाही तर यांना घास उतरेना, आणि प्रेसमधल्या जुन्या सोबत्याच्या फोटोला यांच्यापेक्षा जास्त ‘वा’ मिळाले तर कपाळाला बाम!

आणि त्या दिवशी? आमच्या हर्षालीला बघायला देवळ्याहून पाहुणे! पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, फक्त थोरांनी हो म्हणायचं. तर पाहुणे यायच्या आतच दाजी “पेढे आणतो” म्हणून सटकले! मुलाचे वडील, दोधूआप्पा, “पाय मोकळे करतो” म्हणून गेले, तेही गायब! हर्षाली रडकुंडीला आलेली. आमची सिंधूताई माझ्या कानात, “दिनेश, जा, धरून आण तुझ्या दाजींना!”

गेलो. दाजी स्क्रीनला नाक लावून!

“दाजी, अहो, पाहुणे!”

“थांब रे! कांदासम्राटानं आज काहीच लिहिलं नाही. रागावला असेल का?”

तर फळीपलीकडून आवाज, “नई हो दादा! मी आठेच शे, लिखीच ऱ्हायनू!”

डोकावून बघतो तर... इथंच बसून लिहीत असलेला कांदासम्राट म्हणजे दोधूआप्पा! मुलाचा बाप! दोघांनी अशी मिठी मारली म्हणून सांगू, कॅफेवाल्या बाई खुर्चीवरून उठून बघायला लागल्या!

गळ्यात गळे घालून दोघं घरी आले. पेढे? कसले पेढे! ताईचा पारा चढला, पाहुण्यांदेखत, “घरात काय कमी आहे हो तुम्हाला?”

माणूस वाईट नाही हो. खाली मान घालून म्हणाले, “अगं, प्रेसच्या गेटात शिरलो की ‘काय खंडेराव! काय खंडेराव!’ चालायचं. रिटायर झालो आणि हाकच बंद झाली. तिथं कुणीतरी वा म्हणतं गं...”

मुलाची आई, वत्सलाबाई, डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, “आमच्यांचंही असंच. पोरं शेताचं बघायला लागली, आता यांना विचारतं कोण?” ताई विरघळली. आत जाऊन साखर आणली, सगळ्यांच्या हातावर ठेवली. ठरलं लग्न!

बरं, ताई हुशार. नवरा नजरेसमोर राहावा म्हणून कॉम्प्युटर घरीच आणला. आणि एक दिवस गंमत म्हणून तिनं खापरावर भाजलेल्या पुरणाच्या मांड्यांचा फोटो टाकला... अहो, काय कौतुक! दुबईहून बायका कृती विचारतायत! “कणीक किती भिजवायची ताई? खापर कुठं मिळेल ताई?” ताई हलेना तिथून!

परवा गेलो, तर दाजी ताट-वाटी घेऊन बसलेले. माणूस वाईट नाही, गुपचूप बसलेले! मी म्हटलं, “ताई, अगं, दाजी केव्हाचे उपाशी आहेत!”

स्क्रीनवरून मान न वळवता म्हणते, “हो का? मग तसं लिहून पाठवा म्हणावं!”

...आता बोला!