महिदपूरच्या शूटिंगमधून न पळालेला शिपाई

नाव वसुंधरा श्रीराम ढमढेरे, वय ४१ वर्षे, धंदा शिलाईकाम, राहणार परदेशीपुरा, इंदूर. फेब्रुवारी १९९३.

मी समक्ष हजर राहून सांगते की, माझे पती श्रीराम कपडा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मिल बंद झाल्यापासून घरीच असतात. दिल्लीची एक कंपनी महिदपूरच्या लढाईवर माहितीपट काढत आहे. त्यासाठी सांवेरजवळच्या शेतात आमच्या वस्तीतले बरेच मिलवाले होळकरांचे शिपाई झाले होते. मी तंबूत अंगरखे दुरुस्त करीत होते.

त्या दिवशी होळकरांची फौज पळते, असा सीन होता. शिपायाला चष्मा शोभत नाही म्हणून पतींनी तो माझ्याकडे दिला. मागून इंग्रजांचे घोडेस्वार येणार होते. शूटिंगच्या साहेबांना पळणे पसंत पडेना, म्हणून पुन्हा पुन्हा पळवले. असिस्टंट इंदुरी हिंदीत ओरडत होता, "भागो भिया, पीछे मत देखना."

शेवटच्या वेळी सगळे पळाले. पती मागे वळून उभे राहिले. मला वाटले, साहेबांनीच सांगितले असेल. ताठ उभे होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना तसे पाहिले, म्हणून मी हाक मारली नाही.

घोडेस्वार देवेंद्र, राहणार महू, याने लगाम ओढला होता. घोडा थांबला नाही. पतींचा उजवा पाय मांडीत मोडला. डॉक्टर म्हणतात, गुडघा वाकणार नाही. साच्यावर आता उभे राहता येणार नाही. मिल बंदच आहे, तरी हे लिहून घ्यावे.

कंपनीचे मॅनेजर म्हणाले, चष्मा नव्हता, घोडे दिसले नाहीत, असे सांगा, सगळेच सुटतील. मी इस्पितळात पतींना विचारले. ते म्हणाले, "मला साफ दिसत होतं. झूठ नको लिहवूस." मग म्हणाले, "मिलच्या गेटला कुलूप लागलं, तेव्हा मी सगळ्यांबरोबर गुपचूप घरी आलो. इथंही तेच करवत होते, वसू."

इथे ठाण्याच्या साहेबांनी मला विचारले की, पती मरायला उभे होते काय, तसे असेल तर त्यांच्यावरच केस होईल. ते मरायला उभे नव्हते. उभे होते, एवढेच.

देवेंद्रविरुद्ध माझी तक्रार नाही. तो रोज इस्पितळात येतो आणि वॉर्डाबाहेर बसून राहतो. त्याला आत बोलवायला हवे होते. मी अजून बोलावलेले नाही.

मी मराठीत सांगितले, ते हेड कॉन्स्टेबल सुधाकर यांनी मराठीतच उतरवून मला वाचून दाखवले. त्यात "पळू शकले नाहीत" असे लिहिले होते. ते खोडून मी "पळाले नाहीत" असे करायला लावले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.