वामन लाँचवाल्याचे एक्क्याण्णव टक्के

मंडळी, या चराचरात तीनच गोष्टींना नाश नाही! एक आत्मा. दुसरा परमात्मा. आणि तिसरी — अहो, त्या कर्ण्याची शिट्टी बंद करा कुणीतरी! — तिसरी हीच. गावं बदलली, तबलजी बदलले, शिट्टी तीच आहे.

झाली बंद? बरं. आता प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. माणूस एखादी वस्तू जपतो, पुरवून पुरवून वापरतो — ते कशासाठी? वेळेला उपयोगी पडावी म्हणून! मग वेळ आली, वस्तू शाबूत आहे, भरलेली आहे, आणि तरी उपयोगी पडली नाही — तर चूक कुणाची? वस्तूची? वेळेची? ऐका, मंडळी.

एक धरण. त्याच्या फुगवट्याचं पाणी थेट डोंगरात शिरलेलं. अलीकडच्या काठाला डांबरी रस्ता, एसटी, दवाखाना. पलीकडच्या काठाला कुसवाडी — चाळीस उंबरे, मागं जंगल, पुढं पाणी. जायचं-यायचं साधन एकच, लाँच! ती चालवायचा वामन उत्तेकर. राहायला अलीकडे. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. आणि मधेच कुणाला काही झालं तर? कुसवाडीच्या काठावर पत्र्याखाली सुकी लाकडं रचून ठेवलेली असत. ती पेटवायची, वर ओला पाला टाकायचा. धूर दिसला की वामन भरल्या ताटावरून उठून लाँच काढायचा. त्याच्या बापापासूनची रीत.

मग वामननं मोबाईल घेतला!

घेतला तो घेतला, कुसवाडीच्या काठावर उभं राहून जाहीर केलं — "आता धूर-बीर बंद. बाहेरची मान्सं बगत्यात, अडाणी म्हनत्यात. फोन लावायचा!" लोकांना पटलं. लाकडं चुलीत गेली, पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यावर गेला. तुम्ही हसताय, मी तिथं असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या.

अडचण एकच. पावसाळ्यात दोन्ही काठांना वीज आठवड्यातून दोनदा, तीही चुकून. बॅटरी उतरायला लागली. वामननं एक व्हिडिओ पाहिला — बॅटरी वाचवण्याचे अकरा उपाय. बघण्यात चौदा टक्के गेले! पण ज्ञान मिळालं. इंटरनेट बंद. लोकेशन बंद. थरथर बंद. पाठीमागं चाललेली ॲपं अंगठ्यानं एकेक ढकलून दिली. स्क्रीनचा उजेड इतका उतरवला की दिवसा काही दिसेना. मग डोक्यावर पोत्याची खोळ ओढून आत बघायचा. बायको कमळा म्हणाली, "आवं, फोन बगताय का वाफ घेताय?"

"तुला काय कळतंय? तीन दिस पुरवतोय मी!"

आणि शेवटी सापडली ती विमानाची खूण. ती दाबली की फोन कुणाचा नाही आणि कुणी फोनचं नाही. संन्यासच! बॅटरी जागची हलेना. वामननं कुसवाडीला निरोप धाडला — दर दोन तासांनी पाच मिनिटं फोन चालू करीन. बारा, दोन, चार. तेव्हाच लावा.

कमळा म्हणाली, "आन् मधीच कुनाला काय झालं तर?"

"दोन तासांत काय हुतंय?"

मंडळी, काय होतं ते सांगतो.

त्याची एकुलती एक लेक सारिका, दिली होती कुसवाडीतच. श्रावणातला मंगळवार. दोन वाजून दहा मिनिटं. गोठ्यात पेंढा काढायला हात घातला आणि मनगटाला घोणस डसली. नवरा महिपत, त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि काठ गाठला. फोन लावला. बंद! अलीकडचा दुसरा कुणाचा नंबर जवळ नव्हता. पुन्हा लावला. बंद!

सासू ओरडली, "धूर कर रं, धूर!" कशाचा करणार? सुकी लाकडं नाहीत, पत्रा नाही. भिजल्या काटक्यांना काडीवर काडी ओढली, पेटेना. महिपतनं सदरा काढला आणि पाण्याच्या कडेला उभा राहून फिरवत सुटला. पलीकडे लाँच दिसत होती, मंडळी! लाँचवर वामनही दिसत होता. पण त्याच्या डोक्यावर खोळ होती. आत बघून शेजारच्याला सांगत होता — "एक्क्याण्णव! काल सकाळी लावल्याला, अजून एक्क्याण्णव!"

हात कोपरापर्यंत सुजला. महिपत रडायला लागला. तर सारिकाच त्याला म्हणाली, "गप ऱ्हावा. आबा टायमाचा पक्का हाय. चारला लागतोय म्हंजे लागतोय."

बापावर एवढा विश्वास! ती काठावर पडून घड्याळाकडे बघत बसली. साडेतीन. पावणेचार.

चारच्या ठोक्याला लागला हो! एका रिंगमध्ये लागला. आवाज कसा — स्वच्छ!

"बोला, जावईबापू!"

"मामा... सारिकेला पान लागलंय. सव्वादोनपास्नं फोन लावतुय."

पुढं तो काय बोलला ते वामनला ऐकू आलं नाही. लाँच अशी काढली की दोर सोडायचा राहिला, खुंटाच उपटून आला. वीस मिनिटांत पलीकडे. लेकीला उचलून आत ठेवलं. हिरड्यांतून रक्त येत होतं. पाण्याच्या मध्यावर तिनं डोळे उघडले, बापाच्या खिशातून डोकावणाऱ्या फोनकडे पाहिलं.

"आबा, किती हाय?"

वामननं सांगितलं. खोटं बोलता आलं नाही त्याला. "एक्क्याण्णव."

ती हसली. दातांवर रक्त होतं. म्हणाली, "लई राखलंसा." आणि मान टाकली.

अलीकडच्या काठावर, शेजारच्यानं दवाखान्यातून बोलावून आणलेले डॉक्टर इंजेक्शन भरून उभे होते. त्यांनी नाडी पाहिली, पापणी उघडून पाहिली, आणि विचारलं — "डसून किती वेळ झाला?" वामननं सांगितलं, "अडीच तास." डॉक्टर म्हणाले, "तासभर आधी आणायची हो." बस्स, एवढंच.

पेटी थांबवा जरा.

मंडळी, वामन वाईट माणूस होता का? आळशी होता? अहो, गावात त्याच्याइतकी काळजी घेणारा दुसरा नव्हता! तो राखत होता ती कुसवाडीसाठीच. लेकीसाठीच! पण राखता राखता वस्तू उरली आणि जिच्यासाठी राखली ती गेली.

आता वामनला सोडा. तुमच्याकडे वळतो. मान खाली घालू नका, मला सगळे दिसताय. आईशी बोलायचं ते रविवारी. भावाकडे जायचं ते पोरांची परीक्षा झाल्यावर. बायकोला एक बरा शब्द बोलायचा तो निवृत्त झाल्यावर. ठरवून दिलेत ना तास? आणि ती माणसं तेवढ्याच विश्वासानं काठावर बसून आहेत, घड्याळाकडे बघत. एक दिवस तुम्ही जाल, आणि आत सगळं भरलेलंच राहील! कुणाला देणार ते? चितेला?

काढा फोन. हो, आत्ता, इथंच देवापुढं! ज्याच्याशी निवांतपणी बोलू म्हणत होतात, त्याला लावा. आरती थांबेल, देव थांबेल, मीही पाच मिनिटं तोंड बंद ठेवतो.

फक्त एक विनंती. स्पीकरवर टाकू नका.