दादाची बाजू

...अहो, हात लावून बघा ना, संकोच कसला त्यात, होडी घ्यायचीय तुम्हाला. बावीस वर्षांची आहे. दादानं फोनवर किती सांगितलं, पंधरा? — मग त्यात सात मिळवा, त्याला वय कमी सांगायची सवय आहे, स्वतःचंसुद्धा. थोरला भाऊ माझा. मला म्हणाला, गिऱ्हाईकाला तूच दाखव, तुझ्याकडे बघून माणसाचा विश्वास बसतो. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

तर ही कॅटमरान. म्हणजे काय, तर दोन सडपातळ होड्या, मधे या दोन आडव्या दांड्या, दांड्यांवर ताणलेली जाळी — बसायचं जाळीवर. आम्ही वाटून घेतलीय. डावी बाजू माझी, उजवी दादाची. दर वर्षी मोसमाआधी आपापली बाजू आपण घासायची, भेगा भरायच्या, रंग द्यायचा, आणि एकमेकांच्या बाजूला हात लावायचा नाही. का? कारण पहिल्याच वर्षी त्यानं घासलेलं मी परत घासलं आणि तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून हा नियम. हसू नका, वीस वर्षं चाललाय.

आता जुनी फायबरची होडी कशी तपासायची सांगतो, दुसरीकडे घ्याल तरी उपयोगी पडेल. स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्यायची आणि ठोकत जायचं. ऐका — टक, टक, टक. कोरडा, खणखणीत आवाज, म्हणजे आत सगळं घट्ट. ही माझी बाजू, कुठेही ठोका. आता इकडे या. ही दादाची. रंग बघा काय तुकतुकीत, गेल्या वर्षी मोसमाआधी पूर्ण नवा दिला त्यानं, मीच कौतुक केलं होतं. टक, टक — ही पुढची दांडी इथे बसते, सगळ्यात महत्त्वाची जागा, डोलकाठीचा सगळा भार या दांडीवर — टक —

थांबा हं.

परत ठोकतो. — बद्द वाजतंय. तुम्हाला पण ऐकू आलं ना? इथून... इथपर्यंत. वीतभर. ओल असेल, कधीकधी ओलीमुळे — नाही, ओलीचा नाही हा. जरा बाजूला व्हा, स्क्रूड्रायव्हरचं पातं घालून बघतो. रंग निघाला की दिसेलच... ही पुट्टी. नुसती पुट्टी. खाली फायबर तडकलंय, दांडीच्या बोल्टांभोवती सगळीकडून, आणि वरून पुट्टी फासून रंग मारलाय. अहो, इथे कापून काढून नवे थर द्यावे लागतात, आठवडा जातो. हे असं पुट्टीनं नाही भागत. हे त्याला माहीत आहे, त्यानंच शिकवलंय मला.

तुम्हाला खपवायला केलं म्हणता? मलाही क्षणभर तसंच वाटलं, बरंच वाटलं असतं तसं असतं तर. पण हा स्टिकर बघा. गेल्या वर्षीच्या परवान्याचा. माझ्या लेकीनं लावलाय, मोसमाच्या पहिल्या दिवशी, तिरपाच. अर्धा या पुट्टीवर आहे. म्हणजे पुट्टी आधी, रंग त्याच्यावर, स्टिकर त्याच्यावर. मोसमाच्या आधीच हे झालेलं होतं.

आणि गेल्या अख्ख्या मोसमात दादा एकदाही होडीत बसला नाही. पाठ धरलीय म्हणायचा. किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसायचा आणि आम्हाला हात करायचा — मला आणि लेकीला. अकरा वर्षांची आहे ती, पोहता येतं पण किती येणार. कायम उजवीकडे बसायची, ही काकाची बाजू म्हणून, आणि काका लाडका म्हणून. इथे, या जागी. ही दांडी वाऱ्यात उखडली असती ना, तर डोलकाठी सरळ तिच्या —

नाही, असेलही, त्याला वाटलं असेल पुट्टी धरेल. वाटलं असेल. पण मग स्वतः का नाही बसला?

किनाऱ्याला लागलो की बुडाची बुचं काढायची, तर उजवीकडून पाणी निघायचं. दर वेळी, मगभर. मी विचारलं तर म्हणाला, लाटांचं असेल. मी म्हटलं, असेल. म्हणजे — मी विचारलं होतं, तुम्हाला सांगतो, पण परत नाही विचारलं. त्याच्या बाजूला हात कोण लावणार. आणि घरी बायको दर रविवारी विचारायची, नीट तपासलीत ना, आणि मी म्हणायचो, दोन्ही बाजू ठोकून बघितल्या. दर रविवारी नवं काय खोटं बोलायचं, तेच बोलायचो. हे मी तुम्हाला का सांगतोय कोण जाणे, तुमचं नावही विचारलं नाही मी.

त्याची गाडी आली. तो बघा, उतरतोय, आणि लेक पण आहे बरोबर, काकाच्या गाडीतूनच येते नेहमी. तुम्ही काही बोलू नका. तिच्यासमोर तर नाहीच.

ये गं. जा, शेडमधून लाइफ जॅकेटं घेऊन ये. दोनच आण. तू नाही येणार आज. — नाही म्हटलं ना, जा.

दादा, ये. हो, दाखवली सगळी. यांना पसंत आहे, पण पाण्यात चालताना बघायचीय. चल, वारा बरा आहे, शीड चढवू, एक फेरी मारू. मी सुकाणू धरतो, तू उजवीकडे बस.

बस ना, दादा.

खाली काय बघतोस, माझ्याकडे बघ.

साहेब, तुम्ही निघा.